डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल: लांब पल्ल्याच्या धावपटूच्या किती कामाचे?

डंबेलचे परीक्षण बहुधा दंड, छाती आणि खांदे डोळ्यांसमोर ठेवून केले जाते. अर्धमॅरेथॉन, मॅरेथॉन किंवा त्याहूनही लांब अंतर धावणाऱ्याला पायांची ताकद वाढवण्यासाठी घरी एकच साधन घ्यायचे असेल, तर डायल फिरवून वजन बदलणाऱ्या डंबेलची जोडी त्याला पुरते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि इथे मी तेवढाच तपासला आहे. मी वापरत असलेल्या जोडीतला प्रत्येक डंबेल सुमारे २ किलोपासून २४ किलोपर्यंत जातो. या रचनेचे डंबेल अनेक उत्पादक बनवतात आणि धावपटूला भेडसावणाऱ्या अडचणी बहुतेक सगळ्यांत सारख्याच असतात, म्हणून एखाद्या नावाविषयी लिहिण्यापेक्षा रचनेविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत आधीच सांगून टाकतो: ही जोडी पुरते, मात्र व्यायाम एका पायावर करण्याची तयारी असेल तरच. दोन्ही पायांवर उभे राहून स्क्वॉट (गुडघे वाकवून खाली बसून उठणे) आणि डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणे) करण्याचा बेत असेल, तर तिची मर्यादा फार लवकर लागते.

हे मत कोणत्या कसोटीवर ठरवले, ते आधी स्पष्ट करायला हवे. लांब पल्ल्याच्या धावण्यातली कामगिरी मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते: शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, त्या क्षमतेचा किती मोठा हिस्सा दीर्घकाळ टिकवता येतो, आणि ठरावीक वेगाने धावताना किती ऑक्सिजन खर्ची पडतो. तिसऱ्या गोष्टीला धावपटू रनिंग इकॉनॉमी म्हणतात, आणि ताकदीच्या व्यायामाचा परतावा प्रामुख्याने तिथेच मिळतो. १९९९ साली फिनलंडमधील लीना पावोलाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशिक्षित खेळाडूंच्या एका गटाच्या सरावातला ३२ टक्के वेळ नऊ आठवडे स्प्रिंट, उड्या आणि झपाट्याने उचललेल्या वजनांना दिला. त्या गटाची ५ किलोमीटरची वेळ सुधारली, पण ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढली नाही. सुधारणा आली ती इकॉनॉमी आणि स्नायूंच्या झटपट जोर लावण्याच्या शक्तीतून. २००८ साली नॉर्वेतील ओइविंड स्टोरेन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्ध्या स्क्वॉटचे चार सेट करायला लावले आणि प्रत्येक सेटमध्ये जेमतेम चार वेळाच उचलता येईल एवढे वजन दिले. त्यांची इकॉनॉमी ५ टक्क्यांनी सुधारली, कमाल एरोबिक वेगाने (ज्या वेगाला ऑक्सिजनचा वापर कमाल पातळीला पोहोचतो त्या वेगाने) दमेपर्यंत टिकण्याचा वेळ २१.३ टक्क्यांनी वाढला, आणि शरीराचे वजन मात्र वाढले नाही. वजन उचलले की अंग भरेल आणि धावणे जड होईल, ही धावपटूंची सर्वांत जुनी भीती आहे. तिला याहून नेमके उत्तर मला माहीत नाही.

या दोन्ही प्रयोगांतले काम एक तर फार जड होते किंवा फार वेगवान होते. हलके वजन घेऊन वीस-तीस आवर्तने काढण्याची जी पद्धत धावपटूंमध्ये रुजली आहे, ती त्यांत नव्हती. ‘आमचा खेळ दमसासाचा, म्हणून आवर्तनेही जास्त’ हा युक्तिवाद वरवर पटतो, पण मिनिटाला १७० पावले टाकणारा धावपटू तासाभरात प्रत्येक पायावर पाच हजारांहून अधिक वेळा उतरतो. हलक्या भाराची आवर्तने त्याला धावण्यातूनच भरपूर मिळतात. मिळत नाही तो जड भार. म्हणून धावपटूने कोणतेही साधन घेताना विचारायचा पहिला प्रश्न असा, की महिन्यामागून महिना पायांवरचा भार वाढवत नेण्याची सोय त्यात आहे का आणि ती कुठपर्यंत आहे. दिसणे, टिकणे, जागा किती अडते हे सगळे त्यानंतरचे.

आता २४ किलोच्या जोडीचा हिशोब मांडू. धावपटूचे वजन ६० किलो धरले आणि दोन्ही हातांत मिळून ४८ किलो घेतले, तर दोन पायांवरच्या स्क्वॉटमध्ये एकूण १०८ किलोंचा भार दोघांत वाटला जातो आणि प्रत्येक पायाच्या वाट्याला ५४ किलो येतात. हा भार त्याने काहीही न उचलता एका पायावर उभे राहण्यापेक्षाही कमी आहे. थोडा सराव झालेल्या माणसाला एवढ्या भाराने बारा-पंधरा आवर्तने सहज काढता येतात, म्हणजे ताकद वाढवण्याच्या दृष्टीने साधन संपले. तीच जोडी घेऊन मागचा पाय बाकावर ठेवला आणि स्प्लिट स्क्वॉट केला, की भाराचा मोठा हिस्सा पुढच्या पायावर येतो आणि सहा आवर्तनांतच मांडी थरथरू लागते. साधन तेच, वजन तेच, पण भार जवळपास दुप्पट झाला. धावताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात, त्यामुळे एका पायावरचा व्यायाम ही धावपटूसाठी तडजोड मानण्याचे कारण नाही. डाव्या-उजव्या पायांतला फरकही त्यातच उघडा पडतो. दोन पायांच्या स्क्वॉटमध्ये बळकट पाय दुसऱ्याचा भार नकळत उचलत राहतो आणि ते कळतही नाही.

या जोडीचा सर्वांत मोठा उपयोग मला पोटरीसाठी वाटतो, म्हणून तिथे थोडे थांबतो. धावताना पोटरीतला खोलवरचा सोलियस हा स्नायू शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट जोर निर्माण करतो, असे अंदाज आहेत. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे काम त्या मानाने कमी असते. असे असूनही धावपटूंच्या व्यायामात स्क्वॉट आणि प्लँक असतात, आणि पोटरीला शेवटी उरलेली दोन मिनिटे मिळतात. पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा टेकवावा, त्याच बाजूच्या हातात डंबेल घ्यावा आणि दुसरा हात भिंतीला नुसता टेकवावा. टाच कडेखाली जाईल तेवढी सावकाश खाली न्यावी, तिथे क्षणभर थांबावे, म्हणजे कंडरेच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) उसळीचा फायदा मिळत नाही, आणि मग अंगठ्याच्या मुळाशी जोर देत अगदी वरपर्यंत जावे. पहिल्या पाच-सहा आवर्तनांत टाच सारख्याच उंचीवर जाते. पुढे ती बोटभर खालीच थांबू लागते, घोटा बाहेरच्या बाजूला झुकतो आणि भिंतीवरच्या हाताचा जोर वाढतो. यातले काहीही दिसले की सेट तिथेच संपवावा. अर्धवट उंचीची आवर्तने मोजण्यात अर्थ नाही. आठ आवर्तने पूर्ण उंचीने निघू लागली की डायल एक घर पुढे न्यावी.

हाच व्यायाम गुडघा थोडा वाकवून केला की काम वरच्या गॅस्ट्रोक्नेमियस या स्नायूकडून सोलियसकडे सरकते, कारण गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि गुडघा वाकला की तो सैल पडतो. जिममध्ये सोलियससाठी खुर्चीवर बसून काफ रेज करण्याचे यंत्र असते, आणि घरी त्याऐवजी मांडीवर डंबेल ठेवून बसल्या बसल्या टाचा उचलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या जोडीच्या बाबतीत तो सल्ला मला अजिबात मान्य नाही. बसल्यावर शरीराचे वजन हिशोबातून जवळजवळ बाद होते आणि उरतात ते मांडीवरचे २४ किलो, जे सोलियससारख्या स्नायूला काहीच नाहीत. उभे राहून, गुडघा वाकवून, एका पायावर केले तर ६० किलोच्या धावपटूच्या त्याच पायावर ८४ किलोंच्या आसपास भार येतो. वर मांडीवर डंबेल ठेवण्यात आणखी एक गैरसोय आहे: या रचनेत तबकड्यांच्या कडा पातळ असतात, त्या मांडीत रुततात आणि जाड टॉवेलची घडी घातल्याशिवाय ते सोसत नाही.

टाचेमागच्या अकिलीस कंडरेचे जुने दुखणे असलेल्यांना हे साधन अधिक जवळचे वाटेल. स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेल्या व्यायामक्रमात टाच सावकाश खाली सोडण्याची पंधरा आवर्तने, तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे करायची असत, आणि दुखणे सोसवू लागले की पाठीवरच्या पिशवीत वजन घालून भार वाढवला जाई. पुढे कमी वेळा पण जड भाराने सावकाश केलेल्या व्यायामाचेही परिणाम तितकेच चांगले आढळले, आणि आठवड्यातून तीनदाच करायचा असल्याने तो पाळणे सोपे जाते. दोन्ही पद्धतींत भार मोजून वाढवणे हा गाभा आहे, आणि डायलवरचा आकडा ते काम चोख करतो. दुखणे चालू असताना मात्र भार किती आणि कधी वाढवायचा, हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावे.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एका पायावरची रोमानियन डेडलिफ्ट (गुडघा जवळजवळ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाकणे) आणि नितंबांसाठी स्टेप-अप (एका पायाने उंचवट्यावर चढणे) हे दोन व्यायाम या जोडीने उत्तम होतात. डेडलिफ्ट करताना डंबेल उभ्या पायाच्या विरुद्ध हातात घेतला तर कमरेला वळण्यापासून रोखण्याचे कामही करावे लागते, आणि धावपटूला नेमके तेच हवे असते. हिप थ्रस्टमध्ये (पाठ बाकाला टेकवून कंबर वर उचलण्याच्या व्यायामात) डंबेलची लांबी सोयीची ठरते, कारण तो कमरेच्या दोन्ही हाडांवर आडवा बसतो आणि घरंगळत नाही. खाली चटईची घडी घातली की पुरे.

आता साधनाकडे वळतो. या रचनेत डंबेल एका खाचेदार तळात बसलेला असतो, दोन्ही टोकांच्या डायल हव्या त्या आकड्यावर आणायच्या, की तेवढ्याच तबकड्या दांडीला अडकतात आणि उरलेल्या तळातच राहतात. हे सगळे काही सेकंदांत होते. त्यासाठी तळ सपाट जागी असावा लागतो. तो जरा तिरका असला किंवा डंबेल नीट बसला नसला तर डायल अडते, आणि ती जोर लावून फिरवणे म्हणजे आतल्या दातेरी चकत्या झिजवणे. उचलताना पहिली वीतभर सावकाश उचलून दोन्ही बाजूंच्या तबकड्या सारख्या आहेत ना आणि एखादी अर्धवट अडकून लोंबत नाही ना, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. अर्धवट अडकलेली तबकडी पायावर पडली, तर पुढचे कित्येक आठवडे धावण्याचे नाव घेता येणार नाही.

दांडीची लांबी वजनाप्रमाणे बदलत नाही, हा या रचनेचा दोष मला सर्वांत खटकतो. ५ किलो लावले तरी डंबेल २४ किलोंएवढाच लांब राहतो. स्प्लिट स्क्वॉटमध्ये खाली जाताना त्याचे टोक मांडीला घासते आणि ते टाळण्यासाठी हात बाहेर धरले की खांदे लवकर दमतात. उपाय म्हणजे तळवे शरीराकडे वळवून डंबेल मांडीला समांतर आणि थोडे मागे धरणे. पायरीवरच्या काफ रेजमध्ये डंबेलचे मागचे टोक वरच्या-खालच्या पायरीला लागू नये म्हणून मोकळी एकच पायरी किंवा जाड फळी बरी. तबकड्या दांडीवर किंचित खुळखुळतात; जड सेट चालू असताना तो आवाज अस्वस्थ करतो, पण कुलूप नीट बसले असेल तर त्यात धोका नाही.

हे डंबेल हातातून सोडता येत नाहीत. अखंड लोखंडी डंबेल दमल्यावर जमिनीवर टाकले तरी त्यांचे काही बिघडत नाही. इथे प्लॅस्टिकची यंत्रणा आहे आणि एका आपटण्यात ती निकामी होऊ शकते. त्यामुळे शेवटचे आवर्तन संपल्यावर डंबेल वाकून खाली ठेवण्याएवढी ताकद शिल्लक ठेवावी लागते. सुदैवाने धावपटूला स्नायू पार थकेपर्यंत जाण्याची गरजच नसते. अजून दोन आवर्तने निघाली असती, असे वाटत असताना थांबणे ताकदीसाठी पुरेसे असते आणि दुसऱ्या दिवशीचे धावणेही त्यामुळे वाचते. साधनाचा हा कमकुवतपणा अशा रीतीने चांगली शिस्त लावतो, एवढे श्रेय मी त्याला देईन.

पकडीची अडचण मात्र खरी आहे. दोन्ही हातांत २४ किलो घेऊन आधी एका पायाची आणि लगेच दुसऱ्या पायाची आठ आवर्तने करायची, तर मांड्यांच्या आधी बोटे सुटू लागतात, आणि मग भार पायांच्या ताकदीवरून न ठरता बोटांच्या ताकदीवरून ठरतो. दोन पायांच्या मध्ये मिनिटभर थांबणे हा सर्वांत सोपा उपाय. तरी जमत नसेल तर मनगटाला बांधायचे कापडी पट्टे वापरण्यात काहीच गैर नाही. धावपटूला पकडीची स्पर्धा जिंकायची नाही.

वजनाचे टप्पे खालच्या घरांत साधारण सव्वा किलोचे आहेत आणि वरच्या घरांत सव्वादोन किलोंचे. जोडीने उचलताना वरचा प्रत्येक टप्पा साडेचार किलोंची उडी ठरतो, आणि ४५ ते ५५ किलो वजनाच्या धावपटूला ती फार मोठी आहे. अशा वेळी एकाच हातातला डंबेल एक घर पुढे न्यावा आणि पुढच्या सेटला हात बदलावा, किंवा सहा आवर्तनांपासून आठपर्यंत जाऊन मगच वजन वाढवावे. स्नायूंपेक्षा कंडरा सावकाश बळकट होतात, त्यामुळे वाढ हळू झाली तर नुकसान काहीच नाही.

झटपट वजन बदलणे हा या डंबेलच्या विक्रीचा मुख्य मुद्दा असतो, आणि धावपटूने सावध राहायचे तेही इथेच. वजन क्षणात बदलते म्हटल्यावर एका व्यायामातून दुसऱ्यात विश्रांती न घेता जाण्याचा मोह होतो. धावपटूला धाप लागण्याची सवय असते, घाम आला नाही तर व्यायाम झाल्यासारखे वाटत नाही, आणि पाहता पाहता ताकदीचे सत्र धापांचे सत्र होते. ते टाळावे. जड सेटनंतर दोन ते तीन मिनिटे थांबायलाच हवे, नाहीतर पुढच्या सेटला वजन कमी करावे लागते आणि साधन घेण्यामागचा हेतूच बाजूला पडतो. जोडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत आणि ॲपमध्ये नेमके हेच अखंड चालणारे क्रम दिले होते. दंड आणि छातीच्या व्यायामांची त्यात रेलचेल होती आणि एका पायावरच्या काफ रेजचा उल्लेखही नव्हता. धावपटूने ती पुस्तिका खोक्यातच राहू द्यावी. झटपट बदलाचा खरा फायदा वेगळा आहे. ८ किलोने सरावाचा सेट, मग १४, मग कामाचे २०, असे चढत जाणे घरच्या घरी सहज होते आणि थंड पायांनी एकदम जड वजनाला हात घालण्याची वेळ येत नाही.

इतर साधनांशी तुलना करायची तर रबरी बँड सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी जागा घेणारे आहेत, पण त्यांचा ताण हालचालीच्या शेवटी सर्वाधिक आणि सुरुवातीला नगण्य असतो, किती भार उचलला हे आकड्यात कळत नाही आणि रबर झिजत जाते. कमरेच्या बाजूचे स्नायू धावण्याआधी जागे करण्यासाठी ते ठीक. ताकद वाढवण्यासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) पकडायला आणि एका हातात धरून चालायला डंबेलपेक्षा सरस आहे, पण एका केटलबेलचे एकच वजन असते आणि भार वाढवत न्यायचा तर तीन-चार घ्याव्या लागतात. नटाने आवळायच्या साध्या दांड्या आणि सुट्या तबकड्या मजबूत असतात, त्यांचे बिघडण्यासारखे काही नसते आणि पुढे तबकड्या वाढवताही येतात. वजन बदलायला लागणारा वेळ आणि मध्येच सैल होणारे नट सोसत असतील, तर त्या या जोडीला तोडीस तोड पर्याय आहेत, आणि जड धावपटूसाठी तर अधिक चांगल्या. भारामध्ये या सगळ्यांच्या वर बारबेल आहे, पण त्यासाठी रॅक, मोकळी जागा आणि तंत्र शिकवणारे कोणीतरी लागते. वजनाचे जाकीट स्टेप-अपला छान. ते घालून धावण्याच्या मी विरोधात आहे, कारण प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा धक्का आधीच शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो.

या जोडीने जे होत नाही ते उड्यांचे काम. फिनलंडच्या प्रयोगातला मोठा भाग उड्या आणि स्प्रिंटचा होता, आणि घोट्याची व कंडरेची स्प्रिंगसारखी उसळी त्यातून सुधारते. त्यासाठी कोणतेच साधन लागत नाही. दोरीवरच्या उड्या, जागच्या जागी घोट्यावर घेतलेल्या छोट्या उड्या आणि चढावरचे छोटे स्प्रिंट पुरतात, तेही ताकदीचा पाया थोडा पक्का झाल्यावर. हातात हे डंबेल घेऊन उड्या मारू नयेत. यंत्रणा त्यासाठी बनलेली नाही आणि गरजही नाही.

घरी साधन असण्याचा सर्वांत मोठा फायदा वेळापत्रकात दिसतो. ताकदीचे सत्र कधी करावे, यावर धावपटू फार घोटाळतात. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली दाखवले, की दमसास आणि ताकद यांचा कसून एकत्र सराव केला तर दहा आठवड्यांच्या शेवटी ताकदीची वाढ खुंटते; दमसासाला मात्र त्यात धक्का लागला नव्हता. म्हणजे वजनांमुळे धावणे बिघडेल ही भीती बाळगण्यापेक्षा धावण्यामुळे ताकदीची वाढ खुंटू नये याची काळजी घ्यायला हवी. मला सर्वांत योग्य वाटणारी मांडणी अशी, की इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगाने धावणे) किंवा टेम्पो (न थांबता बऱ्यापैकी वेगाने धावणे) ज्या दिवशी असेल त्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने, वजने उचलावीत आणि हलक्या धावण्याचा दिवस खरोखर हलका राहू द्यावा. स्नायूंचे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते, म्हणून लांब धावण्याच्या आदल्या दिवशी स्प्लिट स्क्वॉट ठेवू नयेत. सकाळी धावून संध्याकाळी अर्धा-पाऊण तास जिमला जाणे नोकरी-घर सांभाळणाऱ्याला क्वचितच जमते. कोपऱ्यात डंबेल असतील तर जमते. आठवड्यातून दोन सत्रे, प्रत्येकात तीन किंवा चार व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट, याहून अधिक करण्याची गरज मला वाटत नाही. सुरुवात शर्यतीपासून लांब, पायाभरणीच्या काळात करावी. शर्यतीचा हंगाम आला की आठवड्याला एक जड सत्र मिळवलेली ताकद टिकवायला पुरते, आणि शेवटच्या आठवडा-दहा दिवसांत डंबेलला हात लावला नाही तरी चालते.

दुखापती टळतील या आशेने कोणी हे साधन घेत असेल, तर त्याला एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती घटून एक तृतीयांशाहूनही कमी उरल्याचे दिसले, आणि तो आकडा धावपटूंच्या गटांत वारंवार ऐकू येतो. तो निष्कर्ष अनेक खेळांचा मिळून होता. लांब पल्ल्याच्या धावपटूंपुरता पुरावा तितका ठाम नाही, आणि अंतर व वेग एकदम वाढवणाऱ्याला कोणतेही डंबेल वाचवू शकत नाहीत. इकॉनॉमीसाठी, शेवटच्या किलोमीटरांत कोलमडणारी ढब सावरण्यासाठी, आणि वयाच्या चाळिशीनंतर घटत जाणारे स्नायू राखण्यासाठी वजने उचलावीत; ही कारणे पुरेशी भक्कम आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंना तर मी हा आग्रह अधिक धरेन, कारण नुसते धावून दम टिकतो, पण पायांतला झटका टिकत नाही.

ही जोडी कोणी घ्यावी? शरीराचे वजन ६५ किलोंच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, पूर्वी जड वजने उचललेली नसतील आणि घरी जागा थोडी असेल, तर २४ किलोंची जोडी बराच काळ पुरेल. शरीराचे वजन ७५-८० किलो असेल किंवा स्क्वॉटचा जुना सराव असेल, तर पोटरी आणि स्प्लिट स्क्वॉट या दोन्हींत कमाल वजन लवकरच अपुरे पडेल. तेव्हा पाठीवरच्या पिशवीत वजन घालून काही काळ निभावता येते, पण सुरुवातीलाच ३२ किंवा ४० किलोंपर्यंत जाणारी जोडी पाहणे शहाणपणाचे. घेण्याआधी दुकानात डंबेल पूर्ण वजनाला लावून दोन्ही हातांत धरावेत आणि एक पाय मागे घेऊन खाली बसून पाहावे, म्हणजे टोक मांडीला किती घासते ते लगेच समजते. मुठीचा घेर आपल्या हाताला जाड वाटला तर ती जोडी सोडून द्यावी. डायल प्रत्येक घरावर थांबून, उचलून, दोन्ही बाजूंच्या तबकड्या मोजाव्यात, आणि तळ व डायलचे सुटे भाग वेगळे मिळतात का हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, कारण लोखंड झिजत नाही, बिघडते ते प्लॅस्टिक.